नानाच्या गाडीची मऊ चाल

आमच्या गावातल्या पोरींची शाळा एका आजाराच्या नावानं बंद पडणार होती, आणि तो आजार कुठल्याही डॉक्टरला ठाऊक नव्हता. मोटारीच्या धक्क्यांनी पोरींची कूस सरकते, असं म्हणणं होतं. हे पहिल्यांदा कोण बोललं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. असल्या गोष्टी कोणीच बोललेलं नसतं, सगळ्यांनी फक्त ऐकलेलं असतं. पण थंडी पडायच्या आत ती घरोघर पोचली. पारावरचे पुरुष आडून बोलत, "पोरीची जात नाजूक राह्यते बाप्पा." बाया सरळ बोलत. रिसोडच्या शाळेत जाणाऱ्या सात पोरी होत्या, त्यातली एक माझी बहीण सुमी, आणि सातही घरांत दिवेलागणीला एकच खल चाले की उद्या लेकीला गाडीत बसवायचं की नाही. मी तेव्हा विशीत होतो. आमच्या युवक संघटनेची पत्रकं मी लिहीत असे. "आम्ही विचारतो" अशी सुरुवात करायची आणि मग विचारत सुटायचं. रस्ता का नाही, पूल का नाही, रिठदच्या फाट्यावर थांबणारी एस.टी. गावात येईल असा रस्ता कोणी करायचा. या कुशीच्या प्रकरणावरही मी एक पत्रक काढलं होतं. त्यात मी पारावरच्या मंडळींना अडाणी म्हटलं होतं. त्याचा परिणाम एवढाच झाला, की सातांतल्या दोन पोरी घरी बसल्या.

गाडी होती नानाची. नाना म्हणजे माझा धाकटा काका. आमचे वडील गेल्यावर त्यानंच घर धरलं. त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती, मूलही राहिलं नव्हतं, आणि पुन्हा लग्नाचं नाव काढलं की तो उठून गोठ्यात जाई. मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी पिकअप त्यानं आणली होती. पुढे दोघं बसतील एवढी खोली, मागे उघडा हौदा, हौद्यात दोन्ही बाजूंना त्यानंच ठोकलेल्या फळ्या. सकाळी पोरींना रिसोडला न्यायचं, दिवसभर कोणाचं धान्य, कोणाची ढेप वाहायची, संध्याकाळी पोरींना आणायचं. मागच्या आखावर, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, दोन्ही बाजूंना पोलादी पाट्यांची चळत होती, एकावर एक, धनुष्यासारखी वाकलेली. त्या पाट्यांत ग्रीस जाई तेवढी धूळही जाई, आणि गाडी निघाली की रानभर कुरकुर ऐकू येई. माय चुलीपुढे बसून त्या आवाजावर भाकरी थापायची. आवाज पांदणीच्या वळणावर आला की ती तव्यावर पहिली भाकर टाके, नाल्यात उतरला की वांग्याच्या भाजीला शेवटचा उकळा देई, आणि सुमी दारात येऊन "भूक लागली वं माय" म्हणे तेव्हा ताटात वाफ असे. सोबत अंबाडीची चटणी, कच्चा कांदा, आणि नानासाठी वेगळी काढलेली करपट भाकर. त्याला तीच आवडे. मी इतकी घरं पाहिली, इतक्यांच्या पंगतीला बसलो, पण करपलेली भाकर मागून घेणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

दोन पोरी घरी बसल्या त्या संध्याकाळी नाना जेवला नाही. ओसरीवर बसून तो म्हणाला, "वसंता, तुयं पत्रक वाचून कोनाचीबी पोरगी शाळेत नाई गेली. लोकायले धक्के नको आहेत नं? मंग धक्केच काढून टाकू." मला राग आला. मी म्हणालो, "नाना, ते खोटं आहे. खोट्यापुढं आपन कायले वाकायचं?" तो म्हणाला, "खोटं हाय ते मलेबी समजते. पन घरी बसलेल्या पोरीची माय हातावर हात देऊन बसली, तिले काय समजावशीन? पोरगी गाडीत बसली म्हनजे झालं." आमच्या दोघांत हाच फरक होता. मला लोकांनी आधी कबूल करायला हवं होतं, त्याला पोरी गाडीत हव्या होत्या.

वाशीमच्या एका आडतीवर तो धान्य पोचवत असे. तिथले जैन शेठ, माणकचंदशेठ, यांची मोठी मोटार झाडावर आदळून मोडीत निघाली होती. तिच्या पुढच्या चाकांवर वेटोळ्याच्या स्प्रिंगा होत्या, अंगठ्याएवढ्या जाड सळीचं वेटोळं. नानानं त्या मागितल्या. शेठ म्हणाले, "पोरींच्या शाळेसाठी म्हणतोस ना? मग घेऊन जा, पण नीट बसव." नीट बसवणारा माणूस आमच्याकडे एकच होता, देवराव मिस्त्री. नाल्यापलीकडे त्याचा छप्पराखालचा कारखाना. पंचक्रोशीतल्या बैलगाड्या, माणसं न्यायच्या हलक्या रेंग्या, वखर, तिफणी सगळं त्याच्या हातचं. नाना आणि तो लहानपणापासूनचे दोस्त, एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय बोलत नसत. देवरावनं गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली, पाटे उतरवले, आखावर आणि वरच्या सांगाड्याला लोखंडी वाट्या जोडून घेतल्या आणि त्या वाट्यांच्या मधे स्प्रिंगा बसवल्या. पण प्रत्येक बाजूचा एक एक लांब पाटा, सगळ्यांत वरचा, त्यानं तसाच ठेवला. कारण विचारलं तर म्हणाला, "राहू दे. त्याच्या बोल्टा जागच्या हालत नाईत." बोल्ट गंजले होते म्हणून तो पाटा राहिला. पुढचे तीन महिने सात पोरी त्या गंजाच्या भरवशावर शाळेत गेल्या, हे आज मला दिसतं. तेव्हा कोणालाच दिसलं नाही.

गाडीची परीक्षा घेतली गोदामायनं. कुशीची गोष्ट सगळ्यांत जास्त तिनंच फिरवली होती, म्हणून नानानं तिलाच हौद्यात बसवलं. तिनं सोबत ताकानं काठोकाठ भरलेलं गाडगं घेतलं, मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "थेंब सांडला तं माई नात पाठवनार नाई, सांगून ठेवतो." गाडी नाल्यात उतरली, चढली, पांदणीतून गेली आणि परत आली. सगळा गाव दोन्ही बाजूंना उभा. गोदामाय उतरली. गाडगं तसंच भरलेलं. तिनं ते तोंडाला लावलं, अर्धं प्यायली, ओठ पुसले आणि म्हणाली, "पालखीवानी चालते मेली." दुसऱ्या दिवशी सातही पोरी हौद्यात होत्या. नाना मला म्हणाला, "पत्रकवाले, लिहा आता." मी लिहिलं नाही. ताकाच्या गाडग्यावर पोरींचं शिक्षण ठरावं याची मला चीड होती, आणि आजही आहे.

पण खरं सांगायचं तर त्या मऊ चालीचं मला तेव्हापासूनच काहीतरी खटकत होतं. आवाज गेला होता. कुरकुर नाही, खडखड नाही, गाडी दारात येऊन उभी राही तेव्हा कळे. माय तव्याकडे पाहत बसून राही. "आली का गेली, समजतच नाई आता," ती म्हणे, आणि भाजी कधी कच्ची, कधी खाली लागलेली. वळणावर गाडी आता एका अंगावर कलायची आणि मग सावकाश दुसऱ्या अंगावर यायची. पोरींना त्याचं हसू येई. त्या मुद्दाम एकीकडे रेलत आणि नाना आतून ओरडे, "पोट्टेहो, बसा नं गुमान!" कधी कधी उतारावर ब्रेक लागला की खालून एकच आवाज येई, ठक्. दार बंद झाल्यासारखा. मग पुन्हा शांत. मी नानाला विचारलं, हे काय वाजते? तो म्हणाला, "लोखंड हाय बाप्पा, लोखंड बोलनारच."

परवा माझ्या नातवाची मोटार गॅरेजात वर उचललेली होती. खाली वाकून पाहिलं. वेटोळ्याच्या स्प्रिंगा होत्याच, पण त्यांच्या शेजारी आखाला धरून ठेवणारे लोखंडी दांडे होते, पुढून, आडवे, वर, खाली. नातू म्हणाला, आजोबा, काय बघता एवढं? मी म्हटलं, काही नाही. ज्या गोष्टीवर एक आयुष्य गेलं ती चार दांड्यांची गोष्ट होती, हे त्याला उभ्या उभ्या कसं सांगणार? पोलादी पाटा नुसता भार उचलत नाही. तो आखाला जागेवर धरूनही ठेवतो. स्प्रिंग फक्त उचलते, धरत नाही. एवढंच आहे सगळं.

पोरी त्या वर्षी मॅट्रिकला होत्या. केंद्र रिसोडलाच होतं. पहिल्या पेपरच्या आदल्या दुपारी रिकामी गाडी घेऊन येताना नानाला डावीकडचा उरलेला पाटा मधोमध तडकलेला दिसला. गाडी तशीच देवरावकडे नेली. मीही गेलो. दोघं गाडीखाली उताणे पडून बोलत होते आणि मी बाहेर त्यांचे पाय पाहत उभा होतो. देवराव म्हणाला, "हा तं भारच घेत नाई बे आता. फुकट लटकून राह्यला." नाना म्हणाला, "मंग काढ. तिकडचाबी काढ, एकाच बाजूले कायले ठेवतो?" देवराव म्हणाला, "पन आख मांगं राहीन नाना. गाडी पुढं जाईन अन् आख मांगं राहीन." आणि मग दोघांनी मिळून तोड काढली. बैलगाडीचा आख मागे राहू नये म्हणून पुढून आवळतात, तसाच हा पुढून साखळीनं बांधायचा. चांगली जाड साखळी, दोन्ही बाजूंना, ताणून. ज्यांनी जन्मभर बैलगाडी पाहिली त्यांना यात चुकीचं काय दिसणार? मलाही दिसलं नाही. तेव्हा गंजलेले बोल्ट छिन्नीनं तोडले गेले. हातोड्याचे ते घाव नाल्याच्या अलीकडे आमच्या घरापर्यंत ऐकू येत होते, आणि सुमी ओसरीवर कानात बोटं घालून इतिहास पाठ करत होती.

सकाळी मायनं सुमीच्या हातावर दही-साखर ठेवली. दशम्यांची पुरचुंडी बांधली. बाकीच्या सहा पोरी पारापाशी जमल्या होत्या, तेल लावून चापून घातलेल्या वेण्या, हातात पाण्याच्या बाटल्या, सोबत त्यांचे बाप, चुलते, भाऊ. पेपर अकराला होता. नाना पलीकडून, देवरावच्या छपरातून, गाडी घेऊन निघाला आणि मी त्याला सामोरा नाल्याच्या चढावर उभा राहिलो. गाडी माझ्या शेजारून वर चढत गेली तशी मला मागच्या चाकाजवळची साखळी दिसली. ती ढिली होती. लोंबकळत होती, झोपाळ्याच्या दोरासारखी. वर येऊन नानानं ब्रेक लावला आणि साखळी खाड्कन ताणली गेली. मी तिथंच उभा. चढावर बैलगाडी पाहिलेला माणूस होतो मी. चढावर बांधलेलं सगळं ताणतं, ढिलं पडत नाही. मग ही चढावर ढिली आणि थांबताना ताठ, हे उलटं का? मोटारशास्त्र मला शून्य होतं. पण पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला एक सवय लागते. उलटं दिसलं की तो ते सुलट करून सांगून टाकत नाही, विचारत बसतो. चालत चालत पारापर्यंत आलो आणि मला एकदम कळलं. बैलगाडीत बैल पुढं असतो, तो ओढतो, आख मागून येतो. या गाडीचा बैल मागच्या चाकातच आहे. आख मागं राहणार नव्हता. आख पुढं पळणार होता. आणि पुढं पळणाऱ्याला पुढून बांधलेल्या साखळीनं कोण अडवतो?

नानाला मी बाजूला घेऊन सांगितलं. तो हसला. "वसंता, रात्री देवरावनं डोकं खाल्लं, आता तू खातो? बैल मांगच्या चाकात! हे पत्रकात छाप." मी म्हटलं, "नाना, रेंग्या जोडू. आताच निघाल्या तर अकराच्या आत पोचतात." तो म्हणाला, "अन् नाई पोचल्या तं? वर्ष तुयं जाते का?" आणि तो गाडीकडे वळला. पोरी चढायला लागल्या. मी गाडीपुढे गेलो आणि खाली बसलो. आंदोलनात बसतात तसा, मांडी घालून, पुढच्या बंपरला पाठ लावून. मला दुसरं काही येत नव्हतं.

आधी सगळे हसले. मग चिडले. कोणीतरी म्हणालं, "चांगल्या कामाले निघाल्या पोरी अन् हा आडवा बसून राह्यला." सुमी हौद्यातून उतरून माझ्यापुढे उभी राहिली. "दादा, ऊठ. तुया हट्टापायी माया पेपर जाईन." मी म्हटलं, "गाडी उलटीन सुमे." ती म्हणाली, "तीन महिने नाई उलटली, आजच उलटीन? तुले माया शिकन्यापरिस तुयं खरं करायचं हाय." हे तिचं वाक्य मी पन्नास वर्षं जपून ठेवलं आहे. त्यात अर्धं खरं होतं. पण त्या सकाळी उरलेलं अर्धं, गाडीचं, जास्त मोठं होतं.

नाना म्हणाला, "बरं, रिकामी फिरवून दाखवतो, मंग उठशीन?" त्यानं पोरींना उतरवलं, मला बाजूला ओढलं, गाडी नाल्यापर्यंत नेली आणि परत आणली. काही झालं नाही. गाडी पालखीसारखी आली. टाळ्या वाजल्या. पण रिकाम्या गाडीला ढकलायला जोर लागतच नाही. जोर लागणार होता भरल्या गाडीनं नाल्याचा पलीकडचा चढ चढताना. वेळ जात होता. सावली पाराच्या कट्ट्यावरून खाली उतरली होती. मग मी ओरडलो. जमलेल्या सगळ्या बापांना, चुलत्यांना, भावांना उद्देशून, "भरून दाखवा! पोरी बसवता नं? मंग आधी तुमी बसा. फक्त नाल्याचा चढ. चढून वर जा अन् खाली उतरा. मी माफी मागतो, पत्रकं लिहिनं सोडतो. बसा!"

जे झालं ते मी जसंच्या तसं लिहितो. पहिला म्हणाला, "मले वावरात पानी सोडाचं हाय." दुसऱ्याच्या गुडघ्यात कळ होती. तिसरा म्हणाला, "आमचं कायले वजन लागते, आमी तं काटकुळे." त्यावर जरासं हसू फुटलं आणि विरलं. चौथा नुसता तंबाखू मळत राहिला, आणि त्याच्या तळहातावर मळण्यासारखं काही उरलं नव्हतं. कोणीच पुढं झालं नाही. क्षणापूर्वी टाळ्या वाजवणारी ती माणसं होती. पोरी त्यांच्याकडे पाहत होत्या.

नानानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. माझ्यावर तो नुसता चिडला होता, पण त्यांची त्याला लाज वाटली. "रेंग्या जोडा," तो म्हणाला. "पोरीयले रेंग्यांनी पाठवा, वेळ झाला." मला वाटलं, संपलं. पण तो पुढं म्हणाला, "अन् हे पोते भरा रेतीचे. सात पोरींचं वजन होईन एवढे टाका. मी दाखवतो. उद्याचा पेपर हाय, परवाचा हाय. रोज रोज हा तमाशा नाई पाह्यजे." मी त्याचा हात धरला. "नाना, नको. पोरी जाऊन राह्यल्या नं, झालं." तो हात सोडवून घेत म्हणाला, "तू म्हनतो गाडी खराब, हे म्हनतात पोरी खराब होतात. मंग मी कोनाले काय सांगू? चालवूनच सांगतो."

रेती नाल्यातलीच, पोती पटापट भरली. एकीकडे रेंग्या जुंपल्या जात होत्या, बैलांच्या गळ्यात घुंगरं वाजत होती, आया पोरींना ओढत होत्या. नानानं गाडी नाल्यात उतरवली. उतारावर तो आवाज आला, ठक्. या वेळी साखळ्यांचा. मग पाणी ओलांडून त्यानं चढाला दम दिला. गाडी वर चढू लागली, चांगली चढत होती, अर्ध्यापर्यंत गेली. मग मी पाहिलं, डावं मागचं चाक हळूच पुढं सरकलं. उजवं जागेवर, डावं पुढं. चाक हौद्याच्या पत्र्याला घासलं आणि रबराचा काळा धूर निघाला. गाडीचं तोंड आपोआप डावीकडे वळलं. नाना स्टेअरिंग उजवीकडे पिळत होता, त्याचे खांदे मला मागून दिसत होते, पण गाडी आता पुढच्या चाकांचं ऐकत नव्हती. ती सावकाश, अगदी सावकाश, मऊ चालीनंच काठावर गेली, कलली आणि खाली खडकावर उलटी पडली. रेतीची पोती नानाच्या बसायच्या खोलीवर कोसळली.

पोती ओढायला सगळे धावले. मघा गुडघ्यात कळ असलेला सगळ्यांच्या पुढं होता. नानाला बाहेर काढून नाल्याच्या काठी आडवं केलं तेव्हा तो शुद्धीवर होता, पण छातीतून घरघर येत होती. सुमी रेंगीतून उडी मारून आली आणि त्याचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. तो म्हणाला, "पोरी निघाल्या?" मी म्हटलं, "निघाल्या." तो सुमीला पाहून म्हणाला, "अन् तू काहून बसली? जा नं." ती हलली नाही. तिनं त्याच्या तोंडातलं रक्त ओढणीनं पुसलं आणि फक्त म्हणाली, "जातो नाना. जातो." देवराव उघड्या अंगानं उभा होता आणि तुटलेली साखळी शोधत होता, पण साखळी तुटलीच नव्हती. ती शाबूत, ढिली, आखाला लोंबत होती. दवाखान्यात न्यायला गावात दुसरी मोटार नव्हती, आणि बैलगाडीचे धक्के त्या छातीला सोसले नसते. खाट बांधली, चार माणसांनी उचलली, आणि रिठदच्या फाट्याच्या अलीकडेच खाट खाली ठेवावी लागली.

बाकीच्या सहा पोरी अर्धा तास उशिरा पोचल्या आणि त्यांना बसू दिलं. सुमीचा पेपर गेला. संध्याकाळी नानाला स्मशानात पोचवून आलो. चूल पेटायची नव्हती, शेजाऱ्यांनी कडू घासाला भाकरी आणून ठेवल्या होत्या. ओसरीवर माणसं होती आणि बोलणं सुरू झालं होतं. मी आडवा बसलो म्हणून झालं, हे गावाचं ठरलं होतं. कोणी म्हणालं, पोरींचा हट्ट नडला. कोणी म्हणालं, कर्त्या माणसाचा बळी देऊन शिकवायचं असते का? चढाचा विषय कोणी काढला नाही, पुलाचा कोणी काढला नाही, सकाळी पारावर काय झालं ते तर कोणीच काढलं नाही. मी उठून बोलणार होतो. सगळं तोंडाशी होतं, "आम्ही विचारतो" पासून. मायनं नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली बसलो.

पहाटे मायनं उठून त्या शेजाऱ्यांच्या भाकऱ्यांतल्या दोन फडक्यात बांधल्या आणि सुमीपुढे ठेवल्या. चुलत आजी म्हणाली, "सुतकात पोरगी घराबाहेर काढतं का वं?" सुमीनं फडकं उचललं. मी रेंगी जोडली. पाराजवळून गेलो तेव्हा तिथं तीन-चार जण बसले होते, त्यांनी मान खाली घातली. नाल्यात गाडी तशीच उलटी पडलेली. बैल बुजले, मी उतरून त्यांना धरून चढवलं. सुमी उघडं पुस्तक मांडीवर घेऊन पाठमोरी बसली होती. पांदण संपून मोकळं रान लागलं, गव्हाच्या काढणीचा वास येत होता, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"दादा, पारावरच्या लोकायले माहीत होतं का, गाडी उलटीन म्हनून?"

"नाई," मी म्हटलं. "कोनालेच माहीत नव्हतं."

बरंच अंतर तिनं पान उलटलं नाही.

"मंग ते काहून नाई बसले?"

मी बैलांना हाकत राहिलो. जरा वेळानं मागून तिचा आवाज यायला लागला, हलका, एकसुरी. ती भूगोल पाठ करत होती.